संतांच्या सणांच्या तारखा का बदलतात आणि संतचरित्रे कशी वाचावीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातल्या जुन्या प्रार्थनापुस्तकात संत थॉमस यांचा सण २१ डिसेंबरला छापलेला आहे, तर आताच्या दिनदर्शिकेत तो ३ जुलैला येतो. त्याच पुस्तकात २५ जुलैला संत ख्रिस्तोफर यांचे नाव आहे, नव्या दिनदर्शिकेत ते कुठेच सापडत नाही, आणि घरात तर एका मुलाचे नाव ख्रिस्तोफर ठेवलेले आहे. तेव्हा यातले खरे कोणते, त्या मुलाचा नामदिन (ज्या संताचे नाव ठेवले त्याच्या सणाचा दिवस) कधी साजरा करायचा, आणि ज्यांच्या तारखाच अशा बदलतात त्या संतांच्या चरित्रांतले कितपत खरे मानायचे?

उपासना-दिनदर्शिकेचे काम मी पंचवीस वर्षांहून अधिक काळ करीत आलो आहे, आणि धर्मशिक्षकांच्या वर्गांत हा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विचारतोच. त्यामागे बहुधा एक समजूत दडलेली असते: संताचे चरित्र हा मूळ आधार आणि तारीख ही मागाहून सोयीने लावलेली गोष्ट. प्राचीन संतांच्या बाबतीत वस्तुस्थिती बहुतेक वेळा याच्या उलट आहे. तारीख आधी आली, चरित्र पुष्कळ नंतर लिहिले गेले, आणि दोहोंपैकी एकावर शंका घ्यायचीच झाली तर ती आधी चरित्रावर घ्यावी.

संतांचा सण त्यांच्या मृत्यूच्या दिवशी पाळतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्या दिवसाला ख्रिस्तसभा (कॅथलिक चर्च) ‘स्वर्गीय जन्मदिन’ म्हणते, हेही अनेकांनी ऐकलेले असते. ही पद्धत किती जुनी आहे, याचा पुरावा आजच्या तुर्कस्तानातील स्मिर्ना येथील बिशप संत पॉलिकार्प यांच्या मरणवृत्तांतात मिळतो. इसवी सन १५५च्या सुमारास त्यांना जिवंत जाळण्यात आले. त्यांच्या ख्रिस्ती समाजाने त्यांच्या अस्थी रत्नांपेक्षा मोलाच्या मानून गोळा केल्या, योग्य जागी ठेवल्या, आणि दरवर्षी त्याच दिवशी तिथे जमून त्यांच्या रक्तसाक्षीचा, म्हणजे श्रद्धेसाठी पत्करलेल्या मरणाचा, जन्मदिन साजरा करण्याचा आपला मानस एका पत्राद्वारे इतर समाजांना कळवला. म्हणजे सणाला लागणाऱ्या दोन्ही गोष्टी, एक जागा आणि एक तारीख, तिथे आहेत. पार्थिव जन्मदिन मात्र ख्रिस्तसभा तिघांचेच साजरे करते: २५ डिसेंबरला प्रभू येशूचा, ८ सप्टेंबरला पवित्र मरियेचा आणि २४ जूनला योहान बाप्तिस्ताचा. योहानाची रक्तसाक्ष वेगळी, २९ ऑगस्टला आठवली जाते, म्हणून त्याला वर्षात दोन दिवस मिळाले आहेत.

रोममध्ये इसवी सन ३५४मध्ये तयार झालेल्या एका संग्रहात रक्तसाक्ष्यांच्या दफनांची एक यादी आहे. तिच्यात कोणतीही कथा नाही. दिवस, नाव आणि कबरीची जागा, एवढेच प्रत्येक नोंदीत दिलेले आहे. २० जानेवारी, सेबास्टियन, आप्पिया मार्गावरील भूमिगत स्मशान. २१ जानेवारी, अॅग्नेस, नोमेंताना मार्ग. १० ऑगस्ट, लॉरेन्स, तिबुर्तिना मार्ग. या कोरड्या ओळी त्या काळच्या श्रद्धावंतांना पुरेशा होत्या, कारण कोणत्या दिवशी कोणत्या कबरीपाशी जमायचे हे त्यांना कळले की काम झाले. आज हे तीनही सण त्याच तारखांना आहेत, आणि ही सोळाशे वर्षांहून जुनी सलगता मला कोणत्याही चमत्कारकथेपेक्षा अधिक विलक्षण वाटते.

आता याच संतांची चरित्रे पाहा. सेबास्टियन म्हटले की खांबाला बांधलेला, बाणांनी विंधलेला तरुण डोळ्यांसमोर येतो. ती कथा पाचव्या शतकातली आहे, म्हणजे त्यांच्या मरणानंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेली. आणि गंमत अशी की त्या कथेतही ते बाणांनी मरत नाहीत. आयरीन नावाची विधवा त्यांची शुश्रूषा करते, ते बरे होतात, सम्राटाला पुन्हा सामोरे जातात आणि नंतर सोट्यांच्या माराने त्यांचा अंत होतो. चित्रकारांना बाण आवडले आणि कथेचा शेवट मागे पडला. लॉरेन्स यांच्या बाबतीत लोखंडी जाळीवर भाजले जाण्याची कथा प्रसिद्ध आहे. ती चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात संत अम्ब्रोज यांच्या लेखनात आढळते. परंतु २५८ साली सम्राट वालेरियनचा जो हुकूम निघाला तो बिशप, धर्मगुरू आणि उपधर्मगुरू यांना तत्काळ ठार मारण्याचा होता, आणि संत सिप्रियन यांच्या त्याच वर्षीच्या पत्रात पोप सिक्स्टस दुसरे यांना ६ ऑगस्टला स्मशानभूमीतच, उपधर्मगुरूंसह, मारल्याची बातमी आहे. तेव्हा चारच दिवसांनी मारल्या गेलेल्या उपधर्मगुरू लॉरेन्स यांचा मृत्यूही तलवारीनेच झाला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. लॉरेन्स नावाचा उपधर्मगुरू झाला, तो १० ऑगस्टच्या सुमारास ख्रिस्तासाठी मेला आणि तिबुर्तिना मार्गावर पुरला गेला, याबद्दल मात्र शंकेला जागा नाही. जाळी गेली तरी लॉरेन्स जात नाहीत.

याचा अर्थ सगळीच प्राचीन चरित्रे मागाहून रचलेली आहेत असा नाही. उत्तर आफ्रिकेतील कार्थेज येथे ७ मार्च २०३ रोजी मारल्या गेलेल्या संत पेर्पेतुआ यांची तुरुंगातली टिपणे त्यांच्या स्वतःच्या शब्दांत उरली आहेत. जवळपास बावीस वर्षांची, अंगावर पिणारे मूल असलेली ही स्त्री कोठडीतला अंधार, बाळाची काळजी, धर्म सोड म्हणून विनवणारे वडील आणि रात्री पडलेली स्वप्ने यांबद्दल लिहिते. संतचरित्रे वाचायला सुरुवात कुठून करावी असे कोणी विचारले, तर मी नेहमी हेच वृत्त पुढे करतो, कारण ते एकदा वाचले की नंतरच्या कृत्रिम कथा कानाला आपोआप वेगळ्या ऐकू येतात. खरी माणसे किरकोळ गोष्टी सांगतात. रचलेल्या कथांतले रक्तसाक्षी न्यायाधीशापुढे लांबलचक भाषणे करतात.

तारखांकडे वळतो. मृत्यूचा दिवस हा नियम असला तरी त्याला इतके अपवाद आहेत की नवशिक्या माणसाला नियमच खोटा वाटू लागतो. संत मार्टिन ८ नोव्हेंबर ३९७ रोजी वारले, पण त्यांचा देह नदीमार्गे फ्रान्समधील तूर येथे आणून ११ नोव्हेंबरला पुरण्यात आला, आणि सण दफनाच्या दिवसाला चिकटला. रक्तसाक्षी नसूनही ज्यांना संत म्हणून मान मिळाला अशांत ते अगदी आरंभीचे होत. असिसीचे संत फ्रान्सिस ३ ऑक्टोबर १२२६ रोजी सूर्यास्तानंतर वारले. उपासनेचा दिवस संध्याकाळपासून सुरू होतो या हिशेबाने त्यांचा सण ४ ऑक्टोबरला आहे. आविलाच्या संत तेरेसा यांचा किस्सा तर वर्गात सांगताच सगळे सावरून बसतात. त्या ४ ऑक्टोबर १५८२च्या रात्री वारल्या आणि दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर उजाडला, कारण पोप ग्रेगरी तेरावे यांनी कालगणना सुधारताना वगळलेले दहा दिवस नेमके त्याच रात्री गळाले. त्यांचा सण १५ ऑक्टोबरला आहे आणि त्यात अकरा दिवसांची चूक कोणीही केलेली नाही.

सर्वांत नेहमीचे कारण मात्र साधे आहे: त्या तारखेला आधीच दुसरे कोणी बसलेले असते. नागासाकी येथे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सव्वीस जणांना क्रुसावर चढवण्यात आले, त्यांत संत पौल मिकी होते आणि वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सियाही होते. पण ५ फेब्रुवारी हा शतकानुशतके संत अगाथा यांचा दिवस, म्हणून या सर्वांचे स्मरण ६ तारखेला येते. लिझ्यूच्या संत तेरेसा ३० सप्टेंबरला वारल्या, तो संत जेरोम यांचा दिवस, म्हणून त्या १ ऑक्टोबरला आल्या. सिप्रियन १४ सप्टेंबरला मारले गेले, तो पवित्र क्रुसाचा सण, म्हणून ते १६ तारखेला. संत डॉमिनिक आणि संत जॉन व्हिआनी यांची अदलाबदल तर जागा बदलून बसणाऱ्या दोन पाहुण्यांसारखी आहे. डॉमिनिक ६ ऑगस्टला वारले, पण तो प्रभूच्या रूपांतराचा सण. त्यामुळे त्यांचा सण दीर्घकाळ ४ ऑगस्टला होता. व्हिआनी खरोखरच ४ ऑगस्ट १८५९ रोजी वारले, पण जागा भरलेली असल्याने जुन्या दिनदर्शिकेत ते ८ तारखेला ढकलले गेले. १९६९च्या सुधारणेत व्हिआनी आपल्या मृत्युदिनी आले आणि डॉमिनिक ८ ऑगस्टला गेले.

या १९६९च्या सुधारणेविषयी गैरसमज फार आहेत आणि प्रश्नातल्या दोन्ही तारखांचे मूळ तिथेच आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या बिशपांच्या सभेने) १९६३च्या उपासनाविषयक घोषणापत्रात असे ठरवले की संतांचे सण प्रभूच्या तारणकार्याच्या सणांना झाकून टाकणार नाहीत, आणि ज्या संतांचे महत्त्व खरोखर सार्वत्रिक आहे तेवढेच सर्व ख्रिस्तसभेच्या दिनदर्शिकेत राहतील. बाकीचे त्या त्या देशाने, धर्मप्रांताने किंवा संन्यस्त संघाने पाळावेत. पोप पौल सहावे यांनी ही सुधारणा १४ फेब्रुवारी १९६९च्या पत्राने मंजूर केली आणि ती १ जानेवारी १९७० पासून अमलात आली. (ज्या दिनांकाचे पत्र, त्याच दिवशीचे संत व्हॅलेंटाइन या सुधारणेत सार्वत्रिक दिनदर्शिकेतून बाहेर पडले, हा योगायोग मला अजूनही गमतीचा वाटतो. त्या जागी संत सिरिल आणि मेथोडियस आले, कारण सिरिल रोममध्ये १४ फेब्रुवारी ८६९ रोजीच वारले होते.)

नाताळपूर्वीच्या आगमनकाळाचे शेवटचे दिवस आणि ईस्टरपूर्वीचा प्रायश्चित्तकाळ शक्य तितके मोकळे ठेवायचे, हे या सुधारणेचे एक सूत्र होते. संत थॉमस यांची २१ डिसेंबर ही तारीख नाताळच्या तोंडावर येत होती, म्हणून त्यांना ३ जुलैला नेले. ही तारीखही नवी शोधलेली नसून त्यांचे अवशेष एडेसा येथे नेल्याचा दिवस म्हणून सिरियाई परंपरेत ती पूर्वापार पाळली जात होती. महान पोप संत ग्रेगरी १२ मार्च ६०४ रोजी वारले, ती तारीख नेहमी प्रायश्चित्तकाळात सापडे. त्यांना त्यांच्या बिशपपदाच्या दीक्षेच्या दिवशी, ३ सप्टेंबरला आणले. संत थॉमस अक्वायनस ७ मार्च १२७४ रोजी वारले. त्यांना २८ जानेवारीला नेले, कारण १३६९ साली त्या दिवशी त्यांचे अवशेष तुलूझ येथे आणले गेले होते. त्यांनी ७ मार्च मोकळा केला, आणि एक दिवस अलीकडे ढकलल्या गेलेल्या पेर्पेतुआ व त्यांची सोबतीण फेलिसिती यांना त्यांचा स्वतःचा मृत्युदिन परत मिळाला. संत मोनिका यांना ४ मेवरून २७ ऑगस्टला आणले, पुत्र संत ऑगस्टीन यांच्या सणाच्या आदल्या दिवशी. ज्या आईने मुलाच्या परिवर्तनासाठी आयुष्यभर अश्रू ढाळले तिला यापेक्षा योग्य जागा कोणती देता आली असती, हे मला सुचत नाही.

ख्रिस्तोफर यांना ‘संतपदावरून काढले’ असे जे बोलले जाते ते चुकीचे आहे. ख्रिस्तसभेने तसे कधीही केलेले नाही. सार्वत्रिक दिनदर्शिका आणि रोमन संतनामावली या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीत वर्षभर सर्वत्र पाळायचे मोजके दिवस असतात. दुसरीत प्रत्येक दिवसाला अनेक, आणि एकूण हजारो, संतांची व धन्यवादितांची (संतपदाच्या आधीच्या पायरीवरील व्यक्तींची) नावे असतात. ख्रिस्तोफर पहिलीतून गेले, दुसरीत २५ जुलैलाच राहिले. त्यांच्या नावाचे चर्च पाचव्या शतकात आशिया मायनरमधील बिथिनियात होते, म्हणजे या नावाच्या रक्तसाक्ष्याला मान फार प्राचीन आहे. नदी ओलांडून बालकाला खांद्यावर नेणाऱ्या राक्षसी देहाच्या माणसाची कथा मात्र बऱ्याच नंतरची असून ती बहुधा नावातूनच उगवली आहे, कारण ग्रीक भाषेत त्या नावाचा अर्थच ‘ख्रिस्ताला वाहणारा’ असा होतो. अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीन याही १९६९मध्ये गळाल्या होत्या, पण सार्वत्रिक दिनदर्शिकेच्या २००२च्या आवृत्तीत त्या २५ नोव्हेंबरला ऐच्छिक स्मृतिदिन म्हणून परतल्या. म्हणजे ही दारे दोन्ही बाजूंनी उघडतात.

चरित्र किती दूरवर भटकू शकते याचे माझे आवडते उदाहरण जुन्या संतनामावलीतल्या २७ नोव्हेंबरच्या नोंदीचे आहे. तिथे बारलाम आणि योसाफात ही जोडी होती. योसाफात हा राजपुत्र. तो संसार सोडील असे भविष्य झाल्याने पिता त्याला महालात कोंडून ठेवतो, तरीही त्याला रोगी, वृद्ध आणि मरण दिसते, आणि तो सर्व सोडून निघतो. मराठी वाचकाला ही कथा कोणाची आहे हे सांगावे लागत नाही. ‘बोधिसत्त्व’ हा शब्द पश्चिमेकडे जाताना अरबी लिपीत ‘बुदासफ’ झाला, एका नुक्त्याच्या फरकाने ‘युदासफ’ वाचला गेला, आणि जॉर्जियन व ग्रीक भाषांतून लॅटिनमध्ये पोहोचेपर्यंत ‘योसाफात’ झाला. मध्ययुगातल्या युरोपने गौतम बुद्धाचे चरित्र नकळत ख्रिस्ती संत म्हणून वाचले. (१२ नोव्हेंबरला येणारे संत योसाफात कुंत्सेविच हे अगदी वेगळे आणि पूर्णपणे ऐतिहासिक बिशप आहेत, ही गल्लत करू नये.) अशा नोंदी शोधून काढण्याचे काम ख्रिस्तसभेच्या आतल्याच अभ्यासकांनी केले आहे. बोलांडिस्ट म्हणून ओळखले जाणारे येशूसंघीय (जेझुइट) विद्वान १६४३ पासून संतांच्या चरित्रांची मूळ साधने सणांच्या तारखांच्या क्रमाने छापत आले, आणि जानेवारीपासून निघालेला तो ग्रंथसंभार शतके उलटली तरी डिसेंबरपर्यंत पोहोचून पुरा झाला नाही.

अर्वाचीन संतांच्या बाबतीत हा सगळा पेच उरत नाही. पोपने संतपद जाहीर केल्याची लेखी नोंद असलेले पहिले उदाहरण ऑग्सबर्गचे बिशप संत उलरिक यांचे, इसवी सन ९९३मधले. १२३४ पासून हा अधिकार पोपकडेच राहील असे कायद्यात आले. आज मृत्यूनंतर साधारणपणे पाच वर्षे थांबून चौकशी सुरू होते, साक्षी नोंदवल्या जातात, लेखन तपासले जाते, आणि ईश्वरसेवक, पूजनीय, धन्यवादित, संत अशा पायऱ्या चढाव्या लागतात. तारीख मात्र इथेही नेहमी मृत्यूचीच असते असे नाही. मदर तेरेसा ५ सप्टेंबर १९९७ रोजी वारल्या आणि सणही त्याच दिवशी. पण पोप जॉन तेविसावे यांचा ११ ऑक्टोबर हा त्यांनी १९६२ साली परिषदेचे उद्घाटन केल्याचा दिवस आहे, आणि पोप जॉन पॉल दुसरे यांचा २२ ऑक्टोबर हा १९७८ साली त्यांच्या कारकिर्दीच्या उद्घाटनाचा मिस्सा (मुख्य उपासनाविधी) झाल्याचा. २ एप्रिल या त्यांच्या मृत्युदिनी अनेकदा प्रायश्चित्तकाळ किंवा ईस्टरचा सप्ताह असतो, हे लक्षात घेतले की कारण उमगते.

एवढे ठरल्यावरही प्रत्यक्ष वर्षात तारखा सरकतात, कारण ईस्टर सरकतो. दिवसांच्या चार पायऱ्या आहेत: महासण, सण, आवश्यक स्मृतिदिन आणि ऐच्छिक स्मृतिदिन. वरच्या पायरीचा दिवस खालच्याला बाजूला करतो. महासण हटवावा लागला तर तो जवळच्या एखाद्या मोकळ्या दिवशी नेला जातो, स्मृतिदिन मात्र बहुधा त्या वर्षापुरता बुडतो. २०२३ साली १९ मार्चला प्रायश्चित्तकाळातला रविवार आल्याने संत योसेफ यांचा महासण सोमवारी, २० तारखेला झाला. २००८ साली ईस्टर २३ मार्चलाच असल्याने १९ मार्च पवित्र सप्ताहात सापडला आणि योसेफ चक्क १५ मार्चला, म्हणजे आधी, साजरे झाले. २०२२ साली येशूच्या पवित्र हृदयाचा महासण २४ जूनला पडला आणि योहान बाप्तिस्ताचा जन्म २३ जूनला पाळला गेला. ही पायरी जागेनुसारही बदलते: १७ मार्चचे संत पॅट्रिक सार्वत्रिक दिनदर्शिकेत केवळ ऐच्छिक स्मृतिदिन आहेत, आयर्लंडमध्ये तोच महासण असतो. पायरी काळानुसारही चढते. मरिया माग्दालेना यांचा २२ जुलैचा स्मृतिदिन २०१६ साली ‘सण’ झाला, कारण पुनरुत्थानाची वार्ता प्रेषितांना प्रथम सांगणाऱ्या स्त्रीचे स्थान प्रेषितांच्या बरोबरीचे आहे असे पोप फ्रान्सिस यांनी ठरवले.

तेव्हा जुने प्रार्थनापुस्तक टाकून देऊ नका. त्यातला २१ डिसेंबर आजीच्या काळी बरोबर होता, आजचा ३ जुलै आज बरोबर आहे, आणि सार्वजनिक उपासनेत आजची तारीखच पाळायची. मुलाचा नामदिन २५ जुलैला खुशाल साजरा करा. त्या दिवशी चर्चमध्ये मिस्सा प्रेषित संत याकोब यांच्या सणाचा होईल, ख्रिस्तोफर यांचे नाव तिथे ऐकू येणार नाही, म्हणून त्यांच्यासाठीची प्रार्थना घरीच म्हणावी लागेल. संतनामावलीत त्यांची ओळ त्याच दिवशी आहे. नदीची गोष्टही मुलाला सांगा, फक्त ती नावातून निघालेली गोष्ट आहे हेही तो समजण्याच्या वयाचा झाला की सांगा.